पोर्तुगीज, मार्गे स्पॅनिश

जिल्हा कृषी कार्यालयातून, म्हणजे मी नोकरी करतो तिथून, आलेल्या माहिती-पत्रकात 'अवगत परकीय भाषा' असा एक रकाना होता. तो कोरा ठेवल्यास पत्रक परत येईल, अशी तळटीपही होती. मी लिहिलं, 'स्पॅनिश (प्राथमिक)'. बदनापूर ते जालना या रोजच्या प्रवासात मोबाईलवर मी अकरा दिवस स्पॅनिश शिकलो होतो. बाराव्या दिवशी बसायला जागा मिळाली आणि झोप लागली.

दीड वर्षाने बातमी आली की ब्राझीलचे तीन पाहुणे आपली मोसंबी पाहायला येणार. पसंत पडली तर वाटूरजवळ रसाचा कारखाना निघणार होता. आमच्या कक्षाचे प्रमुख अप्पाराव साहेब यांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं.

"रामप्रसाद, दुभाषा तुम्ही."

"साहेब, ते पोर्तुगीज बोलतात. मला स्पॅनिश, तेही थोडं."

"नकाशा पाहिला मी. देश शेजारी-शेजारी हायेत. जालन्याचा माणूस परभणीत बोलला तर समजतं का न्हाई?"

मी नकार देणारच होतो. पण साहेब मला 'आपले भाषातज्ज्ञ' म्हणाले आणि टाळ्या पडल्या. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

प्रशिक्षण मंजूर झालं. मोबाईलवर फुकटात मिळणारा एकमेव पोर्तुगीज वर्ग स्पॅनिश येणाऱ्यांसाठी होता. पोर्तुगीज शब्दाचा अर्थ स्पॅनिशमध्ये मिळे, स्पॅनिशचा इंग्रजीत, इंग्रजीचा मराठीत. अर्थ मराठीत पोचेपर्यंत मूळ शब्द विसरलेला असे. साप्ताहिक अहवालात मी 'प्रगती समाधानकारक' असं लिहीत होतो. अडलं तिथे स्पॅनिश शब्दच नाकातून म्हणायचा, हा शोध मात्र माझा स्वतःचा.

पाहुणे वाटूरला आले. बागेचे मालक पुंजारामबापू यांनी स्वतः मोसंबी सोलून पाहुण्यांतल्या एका बाईंच्या हातावर फोड ठेवली. बाईंनी ती तोंडात घातली.

"सांगा की साहेब त्यांला, कशी चव हाय ते," बापू मला म्हणाले.

स्पॅनिशमध्ये 'एक्स्किसितो' म्हणजे अतिशय चविष्ट. मी नाकातून म्हणालो, "एस्किझितो!"

बाईंचं तोंड हलायचं थांबलं. कळलं नसेल, म्हणून मी फळाकडे, झाडांकडे आणि शेवटी बापूंकडे बोट दाखवून तोच शब्द पुन्हा म्हटला. बाईंनी फोड हळूच रुमालात काढली. पोर्तुगीजमध्ये त्याचा अर्थ 'विचित्र' होतो, हे मला संध्याकाळी कळलं.

बापूंचा चेहरा पडला. "काय बोलले हो तुम्ही? इतकी वर्सं झाली बाग लावून, माझी मोसंबी कुणी थुकली न्हाई अजून."

त्यांनी मला हाताने बाजूला सारलं. त्याच फळाची एक फोड बाईंसमोर खाल्ली, डोळे मिटले आणि दुसरी फोड पुढे धरली. बाईंनी भीत भीत ती घेतली. मग अजून एक मागितली. जाताना चार मोसंब्या पिशवीत टाकल्या. उरलेला वेळ ती दोघं हातवाऱ्यांनी बोलत राहिली. मी फक्त फोटोत मधोमध होतो.

कारखान्याची बोलणी सुरू झाली. 'दुभाष्यामुळे संवाद सुलभ झाला,' असं साहेबांनी अहवालात लिहिलं. परिणामी आता जिल्ह्यातल्या साठ कर्मचाऱ्यांना पोर्तुगीज मी शिकवणार आहे. प्रवेशाची अट, स्पॅनिश.

घरी येऊन बायकोला, सत्यशीलाला, या नेमणुकीचं पत्र वाचून दाखवलं. ती पोट धरून हसली.

"न येणाऱ्या भाषेतून दुसरी न येणारी भाषा? येडे झाले का लोकं?"

शेजारी आमची आकांक्षा, इयत्ता दुसरी, मराठीचा गृहपाठ करत होती. तिच्या शाळेत मराठीसुद्धा इंग्रजीतून समजावतात.

"पप्पा," तिने विचारलं, "चिंच मीन्स टॅमरिंड. मंग टॅमरिंड म्हणजे काय?"

सत्यशीलाचं हसू थांबलं. खिडकीबाहेर चिंचेचं झाड होतं. तिकडे बोट दाखवायची आम्हा दोघांनाही लाज वाटली.

तुम्ही मात्र हसू नका. पालकसभेत मी "मॅडम, इंग्रजी अजून वाढवा" असं म्हणालो, तेव्हा पहिल्या रांगेत टाळ्या वाजवणारे तुम्हीच होतात.