मंगळवारी शून्य

निवृत्त फौजदारसाहेब दुकानात शिरले, मागे कोणी ऐकत नाही ना याची खात्री केली आणि काउंटरवर ओणवून दबक्या आवाजात म्हणाले, "चार दिवस झाले. माझ्या कानात एक मुलगी गातेय."

सर्जनने हातातला चिमटा खाली ठेवला.

"घरी बोललो नाही मी. आधीच सुनेला वाटतं माझं डोकं चालत नाही. सकाळी कानाचं यंत्र लावलं की गाणं सुरू, काढलं की बंद. रात्री चुकून यंत्र लावून झोपलो, तर रात्रभर गात होती बिचारी."

"गाणं कसं वाटलं?"

"गाणं बरंय हो. पण या वयात मला कशाला?"

सर्जनने त्यांचा फोन मागून घेतला, दोनदा बोट फिरवलं आणि परत दिला. फोनची बॅटरी त्यानेच गेल्या आठवड्यात बदलली होती. तपासणीसाठी लावलेलं गाणं बंद करायचं राहून गेलं होतं, आणि कानाचं यंत्र त्याच फोनला जोडलेलं होतं. फौजदारसाहेबांना हायसं वाटलं. पण दारापर्यंत गेल्यावर ते थबकले आणि म्हणाले, "हवं असेल तेव्हा कसं लावायचं, तेवढं दाखवून ठेवा."

सर्जन म्हणजे खरा सर्जन नव्हे. तो फोन दुरुस्त करायचा. कपाळावर कायम भिंग चढवलेलं आणि फोन उघडला की "थोडा उशीरच केलात" असं म्हणायची सवय, म्हणून बाजारातल्या लोकांनी त्याला ही पदवी देऊन टाकली होती. भिंगाची त्याला इतकी सवय होती की एकदा तो ते लावूनच मेव्हण्याच्या लग्नात उभा राहिला होता. फोटोत आहे अजून.

दुरुस्त झालेला प्रत्येक फोन गाणं वाजवून तपासायचा, हा दुकानाचा नियम. स्पीकरसाठी वीस सेकंदं कान लावून ऐकायचं, आणि बॅटरी बदलली असेल तर तेच गाणं तीन तास फिरवत ठेवायचं. पूर्वी या कामाला एकच जुनं गाणं होतं. त्याला पहिली कंटाळली ती त्याची मुलगी. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती दिवसभर दुकानातल्या स्टुलावर बसलेली असायची. टेबलाखाली पडलेला बारीक स्क्रू फक्त तिच्याच बोटांना सापडायचा, म्हणून तो तिला चिमटी म्हणायचा. नऊ वर्षांची असताना चिमटीने जाहीर केलं की आता दर उन्हाळ्यात नवी गाणी लागतील. मग ती कोण कुठल्या, कोणी नाव न ऐकलेल्या गाणाऱ्यांची गाणी शोधून काढायची आणि कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलीने लिहिलेली यादी चिकटवायची.

"हे कोण गातंय?" तो विचारायचा.

"इंडी आहे, बाबा."

"म्हणजे?"

"म्हणजे यांच्या मागे कोणी नसतं. कंपनी नाही, काही नाही. घरात बसून गातात."

"आणि पुढे?"

"पुढे आपण दोघं आहोत ना."

आता चिमटी लांबच्या शहरात नोकरीला होती. दोन उन्हाळे ती घरी आली नव्हती. स्टुलावर रिकामी खोकी साठली होती. ती हलवायचं सर्जनच्या रोज मनात यायचं आणि रोज राहायचं, कारण खोकी काढली तर स्टूल मोकळं दिसलं असतं. यादी मात्र न चुकता यायची, फोनवर. यंदाच्या यादीत सात गाणी होती आणि सातव्यापुढे लिहिलं होतं, 'हे माझं आहे. कपाटात रजया लावून, आत बसून रेकॉर्ड केलंय. खरं सांग, कसं वाटलं?'

सर्जनने दुकानातला सर्वांत महागडा स्पीकर काढला, दार लावलं, डोळे मिटून गाणं ऐकलं आणि पूर्ण विचार करून उत्तर पाठवलं, 'वरच्या पट्टीत खरखर नाही. खालचा आवाज स्वच्छ. उत्तम.'

चिमटीने उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला. त्या अंगठ्याकडे तो बराच वेळ बघत बसला. आपलं काहीतरी चुकलं एवढं त्याला कळलं, काय चुकलं ते कळलं नाही. जे येत होतं ते त्याने केलं. त्या दिवसापासून दुकानातला प्रत्येक फोन चिमटीच्या गाण्यावर तपासला जाऊ लागला.

"तुम्ही त्यातले शब्द ऐकलेत का?" बायकोने एकदा विचारलं. ती शाळेत गणित शिकवायची आणि मोघम उत्तर तिला चालत नसे.

"अगं, एकेक शब्द स्पष्ट आहे. 'स' कुठेही फुटत नाही."

"म्हणजे नाही ऐकलेत," बायको म्हणाली. "मला तर बाई रडगाणंच वाटलं ते."

उन्हाळ्यात बॅटऱ्या फुगतात. दिवसाला आठ-नऊ फोन यायचे आणि गाणं पोटात घेऊन जायचे. मग तक्रारी सुरू झाल्या. मोटार शिकवणारे मास्तर आले. त्यांचा फोन गाडीला जोडला गेला की गाणं आपोआप सुरू व्हायचं.

"माझी मुलं गाडी मागे घ्यायला शिकतात ती या गाण्यावर. 'वारा नाही' म्हटलं की डावीकडे वळून बघतात! परीक्षेला साहेब शेजारी बसणार. तिथे कोण गाणार?"

दाताच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांच्या दवाखान्यातल्या स्पीकरचंही तेच झालं होतं. "कालचे गृहस्थ खुर्चीत रडायला लागले. मी म्हटलं, दुखतंय का? तर म्हणे, दात नाही हो, गाणं." आणि जाता जाता त्याच्या कपाळाकडे बघत त्यांनी विचारलं, "त्या गाण्यातला तो माणूस कोण हो?"

"असेल कोणीतरी," सर्जन म्हणाला. मुलीच्या गाण्यात कोणी माणूस आहे हे त्याला नवीनच होतं. त्याने विषय बदलला.

आणि मग एका संध्याकाळी चिमटीचा फोन आला.

"बाबा, गाण्यांचं ॲप दाखवतंय, आपल्या गावात माझे तीनशे बारा ऐकणारे आहेत! बाकी सगळ्या जगात मिळून सत्तेचाळीस. त्यातले चार माझ्याच खोलीत राहतात."

"अरे वा," सर्जन म्हणाला.

"मी येतेय. तिथे छोटा कार्यक्रम करते. तीनशे लोक ऐकतायत तर तीस तरी येतील ना?"

चिमटी येतेय! सर्जनने फोन ठेवला, खोकी उचलली, स्टूल पुसलं आणि त्यावर स्वतःच बसून घाम पुसला. तीनशे बारा ऐकणारे म्हणजे तीनशे बारा बॅटऱ्या, हे तिला कोण सांगणार?

"सांगून टाका तिला," बायको म्हणाली. "पोरगी रिकाम्या खुर्च्यांसमोर गाणार का?"

"सांगितलं तर ती येणार नाही."

"आणि नाही सांगितलं तर येईल आणि पुन्हा कधी येणार नाही."

हिशेब बिनचूक होता. पण सर्जनला त्या घडीला फक्त 'येईल' एवढंच ऐकू आलं. दोन वर्षांत तो पहिल्यांदाच खोटं बोलायला इतका आतुर झाला होता. त्याने दुरुस्तीची वही काढली आणि एकेकाला फोन लावायला सुरुवात केली.

"रविवारी संध्याकाळी गाणं ऐकायला या."

"कुठलं गाणं?"

"तेच."

तिघांनी फोन कापला. एकाने विचारलं की न येण्यासाठी काही करावं लागेल का. मास्तर मात्र म्हणाले, "आणतो मुलांना. मूळ बाई एकदा बघू तरी देत." डॉक्टरीणबाईंनी कबूल केलं की गाणं त्यांनी अजून बंद केलेलंच नाही, कारण पेशंट त्या नादात कमी ओरडतात. फौजदारसाहेब म्हणाले, "यंत्र लावून येऊ की नुसताच येऊ?"

बायकोने शाळेच्या हॉलची किल्ली मिळवली. रविवारी तिथे एकेचाळीस माणसं होती, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तक्रार होती. चिमटी गिटार घेऊन समोर बसली. वाळली होती. केस कापले होते, आणि ते कापल्याचं तिने कळवलं नव्हतं, याचंच सर्जनला आधी वाईट वाटलं. तो सगळ्यांत मागे, दाराशी उभा राहिला. आज त्याच्या हातात फोन नव्हता. हातांचं काय करावं ते त्याला सुचेना.

गाणं सुरू झालं. दुसऱ्या ओळीपासून हॉल हळूहळू तिच्याबरोबर गुणगुणायला लागला. चिमटी चमकली, पण थांबली नाही. 'वारा नाही' आलं तशी मास्तरांच्या सहा विद्यार्थ्यांनी एकदम डावीकडे वळून मागे बघितलं. डॉक्टरीणबाईंच्या एका पेशंटने आपोआप तोंड उघडलं. लोक हसले, चिमटीही गाता गाता हसली. आणि मग दुसरं कडवं आलं. सर्जनने ते हजार वेळा वाजवलं होतं, आणि एकदाही ऐकलं नव्हतं.

'कपाळावरचं भिंग जरा खाली घे,
मला बघ, किती लहान दिसते मी इथून.
टेबलाखाली हरवलेलं सापडत नाही कुणाला,
स्टूल माझं तिथेच आहे ना अजून?'

फौजदारसाहेबांनी मागे वळून सर्जनकडे बघितलं. मग मास्तरांनी बघितलं. डॉक्टरीणबाईंनी बघितलं. सगळ्या गावाला केव्हाच कळलेलं होतं. सर्जनचा हात कपाळाकडे गेला. भिंग तिथेच होतं, याही कार्यक्रमाला तो ते लावूनच आला होता. त्याने ते काढून खिशात ठेवलं, पण तेवढ्याने समोरचं स्पष्ट दिसेना. त्याला रडू येत होतं, आणि एकेचाळीस गिऱ्हाइकांसमोर ते थोपवायचा कुठलाच उपाय त्याला येत नव्हता.

कार्यक्रमानंतर बापलेक खुर्च्या एकावर एक रचत होते.

"चिमटे, ते तीनशे बारा..."

"माहितीये मला."

"काय माहितीये?"

"बाबा, मला तारखेवार आकडे दिसतात. रोज आठ-नऊ नवे ऐकणारे आणि मंगळवारी शून्य. सलग सहा मंगळवार! गाणी ऐकायला साप्ताहिक सुट्टी घेणारं गाव कुठे असतं का?"

सर्जनच्या दुकानाला मंगळवारी सुट्टी असायची. तो खुर्ची हातात धरून तसाच उभा राहिला. "मग आलीस कशाला?"

"आठवण येते म्हणून रजा मागितली तर साहेब देत नाहीत. कार्यक्रम आहे म्हटलं तर देतात." तिने त्याच्या हातातली खुर्ची घेतली. "आणि 'खरखर नाही' एवढंच लिहिणारा माणूस ते रोज लावून बसतो म्हटल्यावर मला राहवेना. पण आता नको लावूस, बाबा. खरे किती आहेत ते मला कळू दे. शून्य निघालं तरी चालेल."

त्याने कबूल केलं. चार दिवस ती स्टुलावर बसली, तिने दोन स्क्रू शोधून दिले आणि ती परत गेली. सर्जन फोन तपासायला यादीतलं तिसरं गाणं लावू लागला. ते चांगलं होतं. त्यातही 'स' कुठे फुटत नव्हता. पण दुपारी दुकान उगाचच मोठं वाटायचं. स्टुलावर खोकी ठेवायला त्याचा हात होईना. फोन घेऊन आलेली माणसं त्या स्टुलावर बसायला लागली की तो म्हणायचा, "तिथे नको, तिथे माणूस आहे."

पुढच्या मंगळवारी तो घरी होता. बायको सुट्टीतही कुठल्याशा पेपरांवर लाल पेन चालवत बसली होती. संध्याकाळी चिमटीचा फोन आला.

"बाबा, आज दुकान उघडलंस?"

"मंगळवार आहे गं."

"खरं सांग."

"आईशपथ."

"कोणाच्या आईची?" बायकोने मान वर न करता विचारलं.

"मग ऐक," चिमटी ओरडली, बायकोलाही ऐकू जाईल इतकं. "आपल्या गावात आज नऊ जणांनी शोधून लावलंय. मंगळवारी! नऊ!"

सर्जन बोटांवर मोजायला लागला. फौजदारसाहेब नक्की. मास्तर. डॉक्टरीणबाई, खुर्चीत कोणी असेल तर...

"आठ," बायको म्हणाली.

"अं?"

"नऊ नाही, आठ. एक मी आहे. सकाळी कुकर लावताना लावलं होतं, रोजच्यासारखं. घरची माणसं कशी मोजायची त्यात?" तिने लाल पेनाने काहीतरी जोरात खोडलं. ती ते रडगाणं रोज ऐकत होती हे त्याला आज कळत होतं.

सर्जनने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सात," तो म्हणाला.

"सात का?" पलीकडून चिमटीने विचारलं.

"सकाळी गच्चीत... मीही लावलं होतं. तपासायला नाही. नुसतंच."

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. लाइन तुटली की काय म्हणून त्याने फोन कानावर दाबून धरला. खरखर नव्हती. ती तिथेच होती.

"खरं सांग," चिमटी म्हणाली, "कसं वाटलं?"

या वेळी त्याला विचार करावा लागला नाही.

"तिथून फार लहान दिसतेस गं," तो म्हणाला. "जवळ ये जरा."