वरची दाढ

आमच्या करंजाड्याच्या बिल्डिंगमध्ये नवा भाडेकरू आला की त्याचं नाव-गाव नंतर. आधी नाना त्याला जिन्यात अडवतात आणि म्हणतात, "आ कर."

बिचारा गोंधळून तोंड उघडतो. नाना मोबाइलचा टॉर्च मारून आत डोकावतात, "खालची दाढ किडली हाय," असा निकाल देतात आणि दंडाला धरून त्याला तळमजल्यावर नेतात. तिथे दातांचा दवाखाना आहे. गाळा नानांचा, बिल्डिंग नानांची, कधीकाळी खालची जमीनही त्यांच्याच भाताची. मी राहायला आले तेव्हा माझ्या हातात गॅसची शेगडी होती. तसाच आ केला. करता काय, मालक पडले!

"भ्यायचा नाय, बाय. मुंगी चावल्यासारका वाटतं. दर सहा महिन्यांनी दाखवून यायचा," हे त्यांचं ठरलेलं भाषण. आणि भाषण देणारा हा गृहस्थ स्वतः डाव्या गालात लवंग धरून बोलायचा. जेवायचा एका बाजूने. गार पाणी प्यायला की भिंत धरायचा.

डॉक्टरीणबाई रोज दारातून हाक मारायच्या, "नाना, आज तरी या!" नानांकडे सबबींची कमी नव्हती. कधी पितृपक्ष, कधी अमावास्या. लग्नसराईत तर विचारूच नका. "आता हलदी चालू हायत. मटन काय गिलून टाकू?"

मी एकदा तोंडावर सांगितलं, "नाना, तुम्ही एक नंबरचे भित्रे आहात."

"हाय भित्रा. मग?" म्हणाले आणि लवंग दुसरीकडे सरकवली.

नानांची बायको हिराकाकी. साखरेच्या दुखण्यात तिची दोन्ही डोळ्यांची नजर गेलेली. संध्याकाळी दोघं गॅलरीत बसायची आणि नाना तिला रस्ता सांगत राहायचे. "टेम्पो आयला. दुधी हायत, पन जून दिसतान. समोरच्या पोरीनं केस कापलं. अजिबात बरी नाय दिसत." काकी पदर तोंडाला लावून हसायची. "तुमाला कोनी इचारलाय?" माझी गॅलरी शेजारचीच. टीव्ही बंद करून ऐकावं असं ते प्रकरण होतं.

मग एक दिवस सकाळीच काकीची हाक आली. अशी हाक की मी कणकेच्या हातानं धावले. नाना खाटेवर तापानं फणफणलेले, आणि काकी त्यांच्या चेहऱ्यावरून बोटं फिरवत होती. "बाय, यांचा डोला कुटं गेला?"

डोळा सुजेत बुडाला होता. डावा गाल कपाळापर्यंत चढलेला, कातडी ताणून चकाकत होती. डॉक्टरीणबाई वर आल्या, बघितलं आणि पांढऱ्याफटक पडल्या. "आत्ताच्या आत्ता वाशीला, मोठ्या हॉस्पिटलात." स्वतःची गाडी काढली त्यांनी.

गाडीत नानांनी माझं मनगट घट्ट धरलं. "दाढ काडू देऊ नको, बाय. वरची हाय. वरची काडली का नजर जाते. माज्या चुलत्याची गेली."

माझं डोकंच फिरलं. "अहो, मग अख्ख्या बिल्डिंगला ढकललंत ते?"

"त्यांच्या खालच्या व्हत्या. वरची असली त मी कोनाला नाय धाडला."

काय बोलावं या माणसाला! एवढी बिल्डिंग उभी केली आणि अक्कल कुठे गहाण टाकली होती? मी ओरडणार होते. तेवढ्यात ते अगदी हळू म्हणाले, "सुईला कोन भितो? हिराला दिसत नाय. माजी बी गेली त तिला कोन दाखवल?"

डॉक्टरीणबाई नुसता हॉर्न वाजवत राहिल्या.

दाढेतला पू डोळ्यामागे गेला होता. ऑपरेशन झालं, दाढ निघाली, जीव वाचला. डावा डोळा मात्र वाचला नाही. कॉरिडॉरमध्ये डॉक्टरीणबाई रडत होत्या. "दाढ काढल्यानं डोळा जात नसतो हो. ठेवल्यानं गेला. आधी आले असते तर साधं काम होतं. खाली उतरायचं फक्त." मला इतका राग आला होता, आणि तो काढायचा कुणावर तेच कळेना.

घरी आल्यावर नानांनी आम्हा सगळ्यांना बजावलं, "हिराला सांगायचा नाय. एक हाय, तो पुरतो." बिल्डिंगनं तोंड मिटलं. गॅलरी पुन्हा सुरू झाली.

परवा मी आमटीची वाटी घेऊन गेले. नाना आत चहा टाकत होते. काकीनं मला चाचपून जवळ ओढलं.

"बाय, हे आता उजव्या अंगाचाच सांगतान. डावीकडून रिक्षा येते, भाजीवाला वरडतो. मना आयकू येतं. आनि हे गप बसतान."

काकीनं माझा हात दाबला. "मना कलला हाय ना, ते त्यांना कलू देऊ नको. लय भितान ते."

आतून कपबश्या वाजल्या. काकीनं डोळ्यांना पदर लावला, खुर्ची नीट केली आणि मोठ्यानं म्हणाली, "अवो, या ना भायेर! सांगा, आज काय काय दिसतं?"