वामनरावांनी पाणी काहून घेतलं?

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, ज्या युद्धकाळात जबलपूरचे कारखाने तीन पाळ्यांत धडधडत होते, त्या काळात या शहरात पाणी कसं वाहतं हे शिकवण्याची जबाबदारी अशा एका गृहस्थावर होती, जो आंघोळ करतानाही बादलीपासून हातभर लांब उभा राहत असे.

वामनराव पांढरीपांडे. आमच्या कॉलेजात गणिताच्या वरच्या वर्गांना जलगतिशास्त्र शिकवायचे. मी स्थितिशास्त्र शिकवायचो, म्हणजे ज्यात काहीच हलत नाही ते. दोघांत खोली एक, चहाची किटली एक.

त्यांचा सगळा जीव 'आदर्श द्रवा'वर. या द्रवाला चिकटपणा नाही, घर्षण नाही. "असं पाणी फक्त पुस्तकात असते, भाऊ," ते समाधानानं म्हणत. "म्हणूनच परवडते."

एकदा पोरं त्यांना भेडाघाटला घेऊन गेली. समोर धुआंधार धबधब्यात नर्मदा कोसळते आहे, आणि सर संगमरवरी मूर्तींच्या दुकानात, नदीकडे पाठ करून प्रवाहाचं समीकरण समजावताहेत!

"सर, धुआंधार इधर है," एक पोरगा म्हणाला.

"मालूम है. आवाज येऊन राहिला ना!"

खरं म्हणजे हा माणूस आकाशाचा. ब्लॅकआउट झाला की आम्ही खिडक्यांना काळे कागद चिकटवत असू, आणि हे अंगणात खाटेवर उताणे, खुशीत. "या इकडे! गुरू दिसून राहिला! लढाईचा एवढा एक फायदा, भाऊ."

ग्रहगोलांच्या गतीचं शास्त्रही विद्यापीठात होतंच की. मग पाणी काहून घेतलं? एके दिवशी मी विचारलंच. बशीत चहा ओतता ओतता त्यांनी सांगितलं. नागपूरला एम.एस्सी.च्या वर्गात एकच मुलगी होती, सुमन बोकारे. तिनं पाणी घेतलं, म्हणून यांनी पाणी घेतलं. दोन वर्षं एकाच बाकाच्या दोन टोकांना बसले. परीक्षा झाली, तिचं लग्न झालं.

"कधी बोललात काही?"

"एकदा. तिनं पेन्सिल मागितली होती. 'घ्या' म्हणालो."

त्या 'घ्या'वर गडी पस्तिशी ओलांडून गेला होता. स्थळं येत, हे परत पाठवत.

त्या हिवाळ्यात आमचे एक प्राध्यापक लष्करात गेले आणि त्यांच्या जागी नवीन बाई आल्या. नवरा कारखान्यात साहेब, नुकताच बदलून आलेला. बाई दारात उभ्या राहिल्या मात्र, वामनरावांच्या हातातला खडू टेबलाखाली गेला. तो शोधायला तेही गेले. बराच वेळ वर येईनात.

"पांढरीपांडेच ना तुम्ही?" बाई वाकून म्हणाल्या. "मी सुमन. बोकारे होती तेव्हा."

मी किटली घेऊन कोपऱ्यात सरकलो. बाहेर मात्र गेलो नाही. माणसाला काही जबाबदाऱ्या असतात.

वामनराव उठले. गुडघे झटकत म्हणाले, "आपला विषय आता आपणच घ्या. मी तर नुसता सांभाळून होतो."

"मी? पाणी?" बाई हसायलाच लागल्या. "नको बाप्पा! मला ते कधी कळलंच नाही. मला तर ग्रहांचं घ्यायचं होतं."

फाटकाबाहेर जीपचा हॉर्न वाजला. साहेब न्यायला आले होते.

"पण हात तर आपणच आधी वर केला होता," वामनराव म्हणाले. इतक्या हळू, की मला किटली खाली ठेवावी लागली. "सरांनी विचारलं, जलगतिशास्त्र कोण घेते, अन् आपला हात वर गेला. म्हणून मग मी..."

हॉर्न पुन्हा वाजला. बाईंनी पर्स उचलली, दारापर्यंत गेल्या, थांबल्या. मग वळल्या आणि बाहेरच्या शिपायालाही ऐकू जाईल अशा आवाजात बोलून गेल्या,

"अहो, मी वेणीतली पिन सावरून राहिली होती! तुमचा हात वर दिसला, म्हणून मग माझा खाली घेतलाच नाही!"