दिव्यांना अर्थ नाही

गाडी बिघडली की लोक ती गॅरेजमध्ये नेतात. आमच्या अंधेरीच्या सोसायटीतले मनोहर पेडणेकर तिचं प्रूफ तपासायचे. बॉनेट उघडायचं, कानावर लाल पेन्सिल खोचायची आणि एकेक वायर चिमटीत धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचत जायची. शंका आली की त्या जागी चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर प्रश्नचिन्ह. त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीच्या ज्या उन्हाळ्याची ही हकिगत आहे, तेव्हा त्यांच्या गाडीत वायरींपेक्षा प्रश्नचिन्हंच जास्त दिसत होती.

पेडणेकर गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. आठवडाभर पगार घेऊन दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि रविवारी तेच काम हौसेने करायचं, असा त्यांचा क्रम. सोसायटीच्या नोटिशीतली 'उद्या पाणि येणार नाही' ही ओळ त्यांनी दुरुस्त केली, तेव्हा सेक्रेटरी वैतागून म्हणाले, "पेडणेकर, ऱ्हस्व काय आणि दीर्घ काय, ते येणार नाहीच आहे."

"नसू दे. पण जे येणार नाही ते काय, हे लोकांना नीट कळायला नको?"

कुठल्याही वादात त्यांचा एक ठरलेला प्रश्न असे, "मूळ प्रत काय म्हणते?" आमटी आंबट झाली तरी हेच. त्यांच्या पत्नी मालतीवहिनी पातेल्यातून मान वर न करता सांगत, "मूळ प्रत तुमच्या आईबरोबर गेली. आता आहे ती आवृत्ती जेवा."

मी पडलो विमा एजंट. माझ्या पॉलिसीच्या पत्रकातल्या अकरा चुका त्यांनी दाखवल्या, पॉलिसी मात्र घेतली नाही. तरी आमचं जमलं. एखाद्या माणसाने आपल्याला इतक्या बारकाईने वाचलेलं असतं कुठे?

त्यांची गाडी विलायती, गोल बुडाची आणि त्यांच्या लग्नाहून जुनी. दर शनिवारी दिवेलागणीनंतर नवरा-बायको तिच्यातून वर्सोव्याला हवा खायला जात. रस्ताभर वहिनींनी दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचायच्या, जसं लिहिलंय तसं, ऱ्हस्वाला ऱ्हस्व ठेवून, आणि पेडणेकरांनी स्टिअरिंगमागून चुका काढायच्या. एकदा मी मागच्या सीटवर होतो. वहिनींनी वाचलं, "शुध्द तुप मिळेल." पेडणेकर म्हणाले, "शुद्धही चुकलं आणि तूपही. डब्यात काय असेल कोण जाणे!" दोघंही इतके हसले की मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. नाटक-सिनेमाला ही मंडळी कधी गेल्याचं मला आठवत नाही. त्यांची करमणूक ही एवढीच.

त्या वर्षी वहिनींना अंधार पडला की पाट्या दिसेनाशा झाल्या. पार्ल्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आधी रात्रीचं दिसणं जाईल, मग हळूहळू दिवसाचंही. औषध नाही. पेडणेकर घरी आले आणि त्यांनी गाडीचे दिवे तपासायला घेतले.

"डॉक्टरने मूळ प्रत पाहिलीच नाही," ते मला म्हणाले. "दिवाच मिणमिणता असला तर मालती वाचणार कशी? दोष डोळ्यांत नाही रे परब, दोष दिव्यांत आहे."

वहिनी गॅलरीत उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं असणार.

मग ऑपेरा हाऊसकडच्या बाजारातून दोन मोठे हॅलोजन बल्ब आले, जाडजूड वायर आली आणि रिले नावाची एक छोटी डबी आली. जुन्या वायरींना एवढा करंट झेपणार नाही, म्हणून तो बॅटरीतून थेट जाड वायरीने दिव्यांकडे आणायचा आणि डॅशबोर्डवरच्या बटणाने नुसता रिलेला हुकूम सोडायचा, असं ते शास्त्र. दुकानदाराने काढून दिलेल्या आकृतीतली दोन स्पेलिंगं सुधारून पेडणेकरांनी काम सुरू केलं. त्याआधी गाडी सजवावी म्हणून बॉनेटच्या आतपर्यंत त्यांनी स्वतः दुधी रंगाचे तीन हात मारले होते.

उद्घाटनाला मी हजर होतो. वहिनी पुढच्या सीटवर बसल्या. पेडणेकरांनी बटण दाबलं, रिले टक् करून बोलला आणि दिवे लागले ते पूर्वीपेक्षाही मंद, देवघरातल्या झिरोच्या बल्बसारखे. वळण्याचा सिग्नल दिला की दोन्ही दिवे त्याच्या तालावर डोळे मिचकावत. हॉर्न वाजवला की लाजून आणखी लाल होत.

"लागले का हो?" वहिनींनी विचारलं.

"लागतायत," पेडणेकर म्हणाले आणि बॉनेट उघडायला खाली उतरले.

पंधरा दिवस ते बॉनेट उघडंच राहिलं. बल्ब बदलून झाले, रिले बदलून झाला, बॅटरी चार्ज करून आणली. कामावरून आले की पेडणेकर हात न धुता वायरी वाचायला बसत. शनिवारचं वर्सोवा बंद पडलं. वहिनी म्हणत, "राहू दे ना, आपण दुपारी जाऊ." ते म्हणत, "चूक आहे. आहे म्हणजे सापडेल." मला त्यांची दया यायची आणि थोडा रागही यायचा. शंभर मेणबत्त्यांचा उजेड पाडला तरी डॉक्टरांनी सांगितलेलं बदलणार होतं थोडंच? पण हे त्यांना सांगणार कोण?

अखेर मी स्टेशनजवळच्या बाबलला घेऊन आलो. बाबल मालवणकडचा, गाड्यांच्या वायरिंगमध्ये मुरलेला. त्याने दिवे लावले, सिग्नल दिला, दिव्यांचं मिचकणं पाहिलं आणि अर्ध्या मिनिटात निकाल देऊन टाकला.

"तुमच्या लायटीक अर्थ नाय."

पेडणेकरांचा चेहरा खर्रकन उतरला. "काय म्हणालास?"

"अर्थ नाय म्हटलंय. अर्थ नाय तर लायट कशी पडतली?"

"अर्थ आहे की नाही ते मी ठरवीन. तू जा."

"बरां," म्हणून बाबल खांदे उडवत निघून गेला. मला त्याचा भयंकर संताप आला. पंधरा दिवस मी मनात जे म्हणत होतो, तेच या गृहस्थाने तोंडावर म्हटलं होतं.

पेडणेकर वर गेले, मागोमाग मीही गेलो. ते खुर्चीत मटकन बसले. वहिनी ताटात तांदूळ घेऊन बोटांनीच खडे शोधत होत्या. "काय झालं?"

"म्हणतो, अर्थ नाही. दिव्यांना अर्थ नाही म्हणतो."

वहिनींची बोटं थांबली. मग त्या खुदकन हसल्या. "अहो, आपल्या इस्त्रीचा शॉक बसायचा तेव्हा तो वायरमन काय म्हणाला होता? इस्त्रीला अर्थ नाही. इस्त्रीला कसला आलाय अर्थ? ती तिसरी वायर, जमिनीत जाते ती!"

"अर्थिंग?"

"तेच ते. जन्मभर प्रुफं तपासलीत आणि अर्थाला दोन अर्थ असतात हे तुमच्या ध्यानात येऊ नये?"

आम्ही दोघं धडाधड जिने उतरलो. गाडीत जमिनीचं काम बॉडीचा पत्रा करतो. दिव्यांच्या काळ्या वायरी पेडणेकरांनी बॉडीला स्क्रूने घट्ट बसवल्या होत्या, पण त्या बसल्या होत्या त्यांच्याच तीन हात दुधी रंगावर. रंगातून करंट परत जाणार कसा? पंधरा दिवस त्यांनी प्रत्येक वायर वाचली होती, फक्त आपल्या हातचा रंग वाचला नव्हता. त्यांनी पॉलिश पेपर घेतला आणि पत्रा चकाकेपर्यंत तो रंग खरवडून काढला. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाबलला गाठून माफी मागितली आणि यापुढे 'अर्थिंग' असा पूर्ण शब्द वापरत जा, असंही सुचवलं.

शनिवारी आम्ही तिघं निघालो. दिवे असे लखलखीत पडले की समोरून येणाऱ्या सायकलवाल्याने आमच्या खानदानाचा उद्धार केला. दिव्यांची तोंडं पेडणेकरांनी मुद्दाम जरा वर करून ठेवली होती, पाट्यांसाठी.

"वाच," ते म्हणाले.

वहिनी सावरून बसल्या. "गणेश फ्लोअर मिल." बरोबर होतं. "आदर्श क्लासेस." तेही बरोबर. पेडणेकरांनी वळून माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. पुढच्या वळणावर वहिनी म्हणाल्या, "न्यू सुंदर टेलर्स. त्या टेलर्समधला 'ट' अजून वाकडाच आहे हो!"

तिथे टेलर नव्हता. दोन महिन्यांपूर्वीच तिथे व्हिडिओ लायब्ररी झाली होती आणि हातभर उंचीची लाल अक्षरं आमच्या दिव्यांत झळझळत होती. गाडीचा वेग एकदम कमी झाला. पेडणेकर त्या अक्षरांकडे पाहत राहिले.

"हो," ते म्हणाले, "वाकडाच आहे."

वर्सोव्यापर्यंत वहिनी वाचत राहिल्या आणि ते 'बरोबर, बरोबर' म्हणत राहिले. कोण कोणाची समजूत घालत होतं ते मला सांगता यायचं नाही. मी खिडकीबाहेर पाहत बसलो.

पुढच्याच आठवड्यात, भर दुपारच्या उन्हात, यारी रोडच्या मागच्या एका गल्लीत मला पेडणेकर दिसले. रजा टाकून, छत्री घेऊन, मान वर करून एकेका दुकानापुढे थांबत ते चालले होते.

"इकडे कुठे?" मी विचारलं.

"या गल्लीतूनही वर्सोव्याच्या समुद्राकडे जाता येतं," ते म्हणाले. "थोडं लांब पडतं. लग्नानंतर आठ वर्षं आम्ही इथे राहत होतो. पाटी न् पाटी पाठ आहे तिला. आत्ता सगळी बघून आलो, एकही बदललेली नाही."

पेडणेकरांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली.

"परब, विम्याच्या कामाने तू या दुकानदारांकडे जातोस ना? कुणी पाटी बदलायचं म्हणालं, तर मला शनिवारच्या आत सांग."