गुलाबकाकांची दुधी काच

गुलाबकाका जेवायला बसत ते दाराकडे तोंड करून, आणि त्या दाराला वरपासून खालपर्यंत आरपार काच. गल्लीतून जाणाऱ्याची नजर आत गेली की काका वाटी उचलून दाखवत. आज पातोड्या. आज नुसतं वरण.

अमरावतीच्या आमच्या गल्लीत बाकी सगळ्यांच्या दारांना जाळ्या, पडदे, कड्या. काकांना कुणी पडदा सुचवला की उत्तर ठरलेलं: "लपवाले का चोरीचं हाय?" सुमनकाकूंशी भांडणही काचेमागेच चाले. काकू बाजारात हार विकणाऱ्या, त्यांचा आवाज खणखणीत. तरी काका मध्येच दार उघडून गल्लीला विचारत, "ऐकू येते ना बरोबर?"

मी पत्रकं काढते. रस्ता कोणी केला, का उखडला, नळाला पाणी का नाही, हे विचारत फिरते. प्रत्येक कचेरीत साहेबांच्या केबिनला दुधी काच असते आणि साहेब तिच्यामागे 'मीटिंगमध्ये' असतात. या चिडीतून मी एकदा छापलं होतं: कारभार आमच्या गुलाबकाकांच्या दारासारखा पाहिजे. काकांनी ते पत्रक दाराला आतून चिकटवलं, छापील बाजू रस्त्याकडे करून.

म्हणून यंदा उन्हाळ्यात जे पाहिलं त्याने मी हादरले. काकू दोन महिने अकोल्याला लेकीकडे राहून एका रात्री उशिरा परत आल्या आणि त्याच आठवड्यात काकांनी दाराची काच काढली. तिच्या जागी दुधी काच. माझं पत्रकही गेलं. मी गाडीची किल्ली हातात धरून रस्त्यातच उभी राहिले.

काका तेव्हा काच बसवणाऱ्याशी भांडत होते. खरखरीत बाजू आत ठेवा, पाण्यापावसाचं बरं असतं, असं तो बिचारा सांगत होता. काकांना ते पटेना. "घर माहं, काच माही, अन् गुळगुळीत बाजू रस्त्याले काहून?" शेवटी खरखरीत बाजू बाहेर लागली.

मी सरळ विचारलं, हे काय चाललंय? काका म्हणाले, धूळ लई येते. मी म्हटलं, काचेतून? मग म्हणाले, ऊन लागते. दार उत्तरेला आहे. काकांना खोटं बोलायची सवयच नव्हती, त्यामुळे त्यांना ते धड जमतही नव्हतं.

"काकू कुठे आहेत?"

"आराम करून राहिली."

काकू आणि आराम? मी त्या काचवाल्यासमोरच काकांना सुनावलं, यापुढे तुमचं नाव पत्रकात येणार नाही. वाटलं, भांडतील. ते नुसतं म्हणाले, "नको येऊ दे."

तीन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी पाइप लावून अंगण शिंपत होते. आमच्याकडे उन्हाळ्यात शिंपल्याशिवाय बाहेर बसता येत नाही, आणि आपलं शिंपताना शेजारच्या दारापुढेही दोन हात पाणी मारायची रीत आहे. राग होता, तरी रीत मोडली नाही. फक्त राग पाइपवर निघाला. पाण्याचा फटकारा थेट काकांच्या दारावर बसला आणि माझ्या डोळ्यांदेखत ती दुधी काच आरपार झाली. खरखरीत बाजू ओली झाली की असंच होतं. काचवाला तेच सांगत होता.

आत काका उलटे चालत होते. काकूंचे दोन्ही हात त्यांच्या हातात. काका एक पाऊल मागे येत, थांबत, मग काकूंचा उजवा पाय फरशीवरून घासत पुढे येई. काकूंचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. बाजारात तीन दुकानांपलीकडे ऐकू जाणारी ही बाई. त्यांनी मला पाहिलं. पदर तोंडावर घ्यायला गेल्या, पण उजवा हात उचललाच गेला नाही. मग त्यांनी मान खाली घातली.

काकांनी त्यांना खुर्चीत बसवलं. दार चार बोटं उघडलं.

"अकोल्याले लकवा मारला तिले. लेकीकडं नाई, दवाखान्यातच होती," ते हळू आवाजात म्हणाले. "तिनं मले हात जोडले, पोट्टे. एक हात उचलत नाई, तरी जोडले. म्हणे, चालता येत नाई तोवर कोणाले दिसू देऊ नको. मग काच बदलली."

मी, जी कचेऱ्यांतल्या साहेबांना सोडत नाही, ती नुसती मान हलवत राहिले. पत्रकावरून सुनावल्याची माफी मागायचं तोंडात आलं, पण काकांनी दार लावून घेतलं होतं. आत त्यांना काम होतं.

मी पाइप बंद केला. ओढणी काढली आणि वरून खाली काच पुसायला लागले. जिथे जिथे कोरडी झाली तिथे ती पुन्हा दुधी होत गेली. आत दोघं पुन्हा चालू लागले होते. आधी काकांचं डोकं गेलं, मग धरलेले हात. अगदी खाली बोटभर पट्टी ओली राहिली होती. तिच्यातून काकूंचा उजवा पाय दिसला, या वेळी फरशीवरून जरासा उचललेला. मी खाली बसून तेवढीही पुसली.