शेवटचा जुज

गुरुवारी सकाळी अकरा वाजता बाइंडरच्या दुकानात एका कादंबरीचा शेवटचा जुज सापडेनासा झाला. जुज म्हणजे सोळा पानांची घडी. अशा घड्यांची चळत दोऱ्याने शिवली की पुस्तक होतं. शेवटची घडी नसेल तर पुस्तक होता होता राहतं. वाचनालयाच्या बाई ते संध्याकाळी न्यायला येणार होत्या.

पुस्तक नमुन्यादाखल आलं होतं. काम मनासारखं झालं तर वाचनालयाची वर्षभराची बांधणी या दुकानाला, नाहीतर चौकापलीकडच्या दुकानाला, असं बाईंनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं. बाइंडरने तो फोन कागद कापायचं यंत्र चालू असताना घेतला होता. दुकानात पावतीपुस्तकांखेरीज बऱ्याच दिवसांत काही आलं नव्हतं आणि आता पावत्याही लोक मोबाइलवर द्यायला लागले होते. त्यामुळे बाइंडरने जीव ओतून काम सुरू केलं. पाठीचा डिंक खरवडला, जुना दोरा कापला आणि एका धडधाकट पुस्तकाचे सगळे जुज सुटे केले.

दुकान आणि घर यांच्यामध्ये फक्त एक पडदा होता. बांधलेलं पुस्तक एका वेळी एकालाच वाचता येतं, सुटं पुस्तक अख्ख्या घराला. ही सोय घरातल्यांच्या लगेच ध्यानात आली.

कादंबरी तशी पोरांसाठीची. एका शहराची झोप राजाने तिजोरीत कोंडून ठेवलेली असते आणि पाच उनाड पोरं ती पळवायचा बेत आखतात. एकीला कुलपांच्या आतलं ऐकू येतं, एक भिंतींशी बोलतो, एक नुसतीच शिवते. लोकांच्या फाटलेल्या सावल्या शिवून देते. पाचांतल्या एकालाही घरी कोणी विचारत नाही. टोळीत मात्र प्रत्येकावाचून अडतं.

कॉलेजात जाणाऱ्या मुलीने पहिले जुज पळवले. बाइंडरचे वडील, आप्पा, यांना मधले मिळाले. त्यामुळे दगा कोणी दिला हे त्यांना आधी कळलं आणि कोणाला दिला हे मागाहून.

"आप्पा, पुढचं सांगू नका."

"मी कुठे सांगतोय? त्या चष्मेवाल्यावर फार जीव लावू नकोस, एवढंच म्हणतोय."

"का?"

"सहज. तुझा झालेला जुज इकडे दे."

मुलीने झालेला जुज गादीखाली ठेवला. आप्पांनी त्यानंतरचे तीन उशीच्या अभ्र्यात घातले. मंगळवारी दोघांचं बोलणं बंद झालं. देवाणघेवाण बाइंडरच्या बायकोमार्फत होऊ लागली आणि अशा रीतीने सगळे जुज तिच्या हातून जाऊ लागले.

शिवण तिचीच होती. लग्न झाल्यापासून तिने शेकड्यांनी पुस्तकं शिवली होती आणि एकही वाचलं नव्हतं. शिवताना घडी उघडते ती बरोबर मधोमध. तेवढी समोरासमोरची दोन पानं तिच्या वाट्याला येत. पुष्कळ गोष्टींचे मधले तुकडे तिला माहीत होते. या वेळी मधल्या पानावर तिला शिवणारी पोरगी भेटली. ती इथवर कशी आली हे बघायला बायकोने एक पान मागे उलटलं, मग आणखी एक, आणि सुई थांबली.

"दोरा संपला का?" बाइंडरने विचारलं.

"नाही."

"मग?"

"ती पोरगी मरते का ते बघतेय."

"मरू दे. गुरुवारी बाई येतायत."

"तुमच्यापुढे कोणी मेलं तरी गुरुवारच." तिने पान उलटलं. "यांचा म्होरक्या आधी सगळ्यांना विचारतो. तुझं काय म्हणणं, तुझं काय म्हणणं."

"आणि चोऱ्या कधी करतात? विचारण्यातच उजाडायचं."

"करतात. तुमच्या धंद्यापेक्षा त्यांचा बरा चाललाय."

बाइंडर खळ ढवळायला निघून गेला. ही गोष्ट बुधवारची.

गुरुवारी शेवटचा जुज नाही म्हटल्यावर त्याने चौकशी सुरू केली. गाद्या उलटल्या, अभ्रे झटकले.

"माझ्याकडे असता," आप्पा म्हणाले, "तर मी तुझ्या तोंडाकडे बघत बसलो असतो का?"

"आईला विचारा," मुलगी म्हणाली.

त्याने बायकोला विचारलं.

"मी शिवते," ती म्हणाली. "राखण माझ्याकडे नाही."

चार वाजता बाइंडरने मार्ग काढला. मधमाश्या पाळण्यावरचं एक जुनं पुस्तक दुरुस्तीला आलेलं होतं. आकार तोच, कागद तितकाच पिवळा. त्याचा शेवटचा जुज त्याने अलगद सोडवून कादंबरीच्या चळतीखाली ठेवला. वाचनालयात शेवटपर्यंत वाचतं कोण, असा त्याचा अनुभव होता; तो अर्थात पावतीपुस्तकांवरून बनला होता. बायकोने चळत मुकाट्याने शिवली. माश्यांची मधली दोन पानं तिने पाहिली नसतील असं होणार नाही.

सहाला बाई आल्या. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, पाठ दाबून पाहिली आणि त्यांचा चेहरा बदलला.

"हे सगळं उसवलंत?"

"पक्की जुजबंदी केली. तुम्ही म्हणालात तशी."

"मी जुजबी म्हणाले. काम जुजबी आहे, म्हणाले. एक कोपरा सुटला होता, त्याला डिंक लावायचा होता."

बाईंनी सवयीने शेवटचं पान उघडलं. जन्म वाचनालयात गेलेली माणसं पुस्तक तिथूनच उघडतात.

"यात राणीमाशी कुठून आली?"

"शेवटाला जरा वळण आहे," बाइंडर म्हणाला.

"राणी येते का?" पडद्याआडून आप्पांचा आवाज आला. "वाटलंच मला. नुसत्या राजाला एवढी अक्कल नसते."

बाई वाचू लागल्या. "'पोळ्याला हलका धूर द्यावा. माश्या शांत होतात.'"

"म्हणजे झोप मिळाली शहराला," आप्पा म्हणाले. "चला, बरं झालं."

बाईंनी पुस्तक मिटलं. शिवणीवरून बोट फिरवत त्यांनी विचारलं, "शिवण कोणाची?"

"दुकानातच होते," बाइंडर म्हणाला. पडद्याजवळ उभी असलेली बायको आत गेली.

वर्षभराची बांधणी चौकापलीकडच्या दुकानाला गेली. तिथे एवढी पुस्तकं शिवायला हात नव्हते. सोमवारी बायकोने सुया पुडीत बांधल्या आणि चप्पल घातली.

"कुठे?" बाइंडरने विचारलं.

"कामाला."

"मला विचारलं नाहीस."

"राहिलं," ती म्हणाली.

आता ती सकाळी जाते आणि दिवे लागल्यावर येते. पहिल्या आठवड्यात हातपाय धुता धुता तिने आप्पांना सांगितलं, "ती शिवणारी पोरगी मरत नाही." शेवटचा जुज कुठे आहे हे तिने सांगितलेलं नाही, आणि ते तिला विचारण्याची सोय बाइंडरने ठेवलेली नाही.

दुकान दुपारनंतर रिकामंच असतं. आप्पांना जेवढी आठवते तेवढी कादंबरी बाइंडरने त्यांच्याकडून ऐकून घेतली. तीही मधूनच सुरू होते. मग तो वाचनालयाचा सभासद झाला. बाईंनी नवी प्रत मागवली आहे. तिच्यासाठी पोरांची रांग लागली असून बाइंडरचं नाव रांगेच्या शेवटी आहे.

परवा त्याने बायकोला विचारलं, "पुढे काय होतं गं त्यांचं?"

"तुमचा नंबर आला की कळेल," ती म्हणाली.

नंबर अजून आलेला नाही.