निकेशच्या वरातीतली लाल गाडी

दान कसं करावं हे लोकांनी माझ्याकडून शिकावं, असं मी त्या रविवारी सकाळी दहापर्यंत मानत होतो. साडेदहाला मत बदललं.

दान साधंसुधं नव्हतं. १९६८ ची विलायती स्पोर्ट्स कार, दोन सीटची, उघड्या टपाची, लालभडक. माझे वडील एका गोऱ्या साहेबाचे ड्रायव्हर होते. साहेब मायदेशी जाताना गाडी त्यांच्या नावावर करून गेला. पुढे सतरा वर्षं मी तिची नटबोल्टपासून सेवा केली. माझी बायको मैना तिला 'सवत' म्हणते.

ही गाडी मी नेरुळजवळच्या सारसोळे गावातल्या केशरबाईंच्या सेंटरला द्यायचं ठरवलं. जन्मभर डोक्यावर पाटी वाहून मासळी विकलेल्या बायकांचे गुडघे तिथे फुकट बघतात. तिथल्या व्यायामामुळे माझी आई शेवटची दोन वर्षं स्वतःच्या पायांनी बाजारात गेली. ते मी विसरलो नव्हतो. आता सेंटरला या म्हाताऱ्यांची ने-आण करायला व्हॅन हवी होती. जुन्या गाड्यांचे शौकीन असलेले पुण्याचे एक साहेब माझी गाडी विकत घेणार, त्यातून व्हॅन येणार, असं ठरलं. अकरा वाजता सेंटरच्या दारात गाडी दाखवायची आणि सह्या करायच्या.

"सत्कार-बित्कार काही नको हां," मी केशरबाईंना फोनवर चार वेळा सांगितलं.

"नाय करत," त्या चारही वेळा म्हणाल्या.

मला वाटलं, बाई मुद्दाम लपवतायत. म्हणून मी नवा सफारी शिवून घेतला.

गावच्या गल्लीत वळलो आणि माझा अंदाज खरा ठरला. समोर बेंजो पार्टी, नाचणारी माणसं, आरतीची ताटं घेतलेल्या बायका. माझे डोळे पाणावले. गाडी थांबवून मी सगळ्यांना हात जोडले. फेटा बांधलेला एक माणूस धावत आला. दत्तूमामा, असं त्याला सगळे म्हणत होते.

"किती उशीर? आमी कवापासून वाट बगतोय."

"ट्रॅफिक," मी नम्रपणे म्हणालो.

त्यानं हार उचलला. मी मान वाकवली. हार बॉनेटवर गेला. बायकांनी ओवाळलं, तेही गाडीला. मी तसाच मान वाकवून बसलो होतो, तेवढ्यात शेजारचं दार उघडून मुंडावळ्या बांधलेला एक तरुण आत बसला.

"तू कोण?"

"निकेश. नवरा."

"कोणाचा?"

"अजून कोनाचा नाय. अकराचा मुहूर्त हाय."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. नवऱ्यासाठी सांगितलेली भाड्याची गाडी आलीच नव्हती. मी आलो होतो.

"अहो मामा, ही दानाची गाडी आहे," मी ओरडलो.

"कन्यादान नंतर," दत्तूमामा म्हणाले. "आदी गाडी हालवा."

मागे दोनशे माणसं, पुढे बेंजो, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला वाळत घातलेली जाळी. वळायला जागाच नव्हती. शिवाय निकेश घामानं भिजला होता. "काका, सासऱ्याचे तीन फोन आले," तो हळूच म्हणाला. त्याचा चेहरा बघून मला माझं लग्न आठवलं. मी क्लच सोडला.

मांडवाचा रस्ता सेंटरवरूनच जात होता. तिथे पोचेपर्यंत मागच्या डिकीवर दोन करवल्या बसल्या होत्या, बॉनेटपुढच्या ग्रिलमध्ये अक्षता अडकल्या होत्या आणि निकेशच्या पाठीची हळद सीटला लागली होती. दारात केशरबाईंबरोबर पुण्याचे साहेब उभे होते, पांढरे हातमोजे घालून. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

"सीट ओरिजिनल होती ना?" त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

"आता हळदीची हाय," निकेश म्हणाला.

साहेब आपल्या गाडीत बसून निघून गेले. सतरा वर्षांची मेहनत, आईसाठी करायचं एकच काम, आणि मी ते वाजतगाजत बुडवलं होतं.

"केशरबाई, व्हॅन गेली," मी म्हणालो.

त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या बघत होत्या गाडीबरोबर फोटो काढायला उडालेल्या झुंबडीकडे.

"दत्तूदादा," त्या म्हणाल्या, "तुमची गाडी आली नाय ना? मंग हिचं भाडं सेंटरला द्या."

"देतो की," दत्तूमामा म्हणाले. "अशी एन्ट्री अख्ख्या नेरुळात कोनाची झाली नाय."

निकेशच्या आतेभावानं लगेच पुढच्या महिन्याची तारीख सांगितली. मग कोणीतरी साखरपुड्याची. लग्न लागेपर्यंत केशरबाईंनी पत्रिकेच्या मागच्या बाजूला अकरा बुकिंगं लिहून घेतली होती.

गाडी मी त्याच आठवड्यात सेंटरच्या नावावर केली. त्या सीझनभर ती दर मुहूर्ताला फिरली आणि पावसाळ्याच्या आत सेंटरच्या दारात हप्त्यांवर घेतलेली व्हॅन उभी राहिली, खालची पायरी बुटकी असलेली. पहिल्या दिवशी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या वेणूबाई कोणाचा हात न धरता चढल्या, खिडकीत बसल्या आणि म्हणाल्या, "हॉर्न वाजव, सगल्यांना कलू दे." मैनाच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या पण आलं, पण मी गॉगल लावला होता.

एकच झालं. त्या गाडीचा चोक आणि क्लच माझ्याशिवाय कोणाचं ऐकत नाहीत. त्यामुळे मुहूर्त असला की गाडी मीच नेतो. गेल्या रविवारी शेजारच्या दिवाळे गावात नवरा उतरवला, तशी नवरीची मावशी माझ्याजवळ आली. मी सफारीची बटणं नीट केली. म्हटलं, दात्याची ओळख कोणीतरी करून दिलेली दिसते.

"ड्रायव्हर, जेवलास का?" ती म्हणाली. "तुमची पंगत मांडवाच्या मागं हाय."

गेलो. मटण छान होतं.